व्हील वेलमध्ये राहिलेला टॉर्च

प्रश्नकर्त्याने लिहिले आहे ते थोडक्यात असे. ते दोन वर्षांपासून एका विमानतळावर लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या तपासणी-दुरुस्तीत, तंत्रज्ञ आहेत. गेल्या महिन्यात रात्रपाळीत मुख्य चाकांचा कप्पा, म्हणजे व्हील वेल, तपासताना त्यांचा छोटा टॉर्च आतच राहिला. पहाटे एका सहकाऱ्याला तो दिसला, विमान वेळेवर सुटले, वरिष्ठांनी चारचौघांत झाडले आणि विषय तिथेच मिटला. तेव्हापासून ते प्रत्येक काम तीन-तीनदा तपासतात, घरी गेल्यावर झोप लागत नाही, आणि आता विचारतात की चूकच होणार नाही असा माणूस कसे व्हायचे, आणि झालेला प्रकार लेखी कळवावा का.

मी एकतीस वर्षे हँगरमध्ये आणि लाइनवर काढली, त्यातली बरीचशी परवानाधारक अभियंता म्हणून सही करण्यात, आणि आता तंत्रज्ञांना मानवी चुकांविषयीचे वर्ग शिकवतो. चूकच होणार नाही असा माणूस मला या एकतीस वर्षांत भेटलेला नाही. ज्यांच्याबद्दल तशी ख्याती होती, त्यांच्या चुका दुसरे कोणीतरी गुपचूप निस्तरत असे, एवढेच. तेव्हा तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो: हातून चूक होणारच हे धरून चालले, तर ती विमानाबरोबर आकाशात जाणार नाही अशी कामाची पद्धत कशी बसवायची? हे शब्दांचे खेळ नाहीत. पहिल्या प्रश्नाच्या मागे लागलात तर तीन-तीनदा तपासणी आणि निद्रानाश पदरी पडतो. दुसऱ्याच्या मागे लागलात तर डोक्याला बांधायचा दिवा विकत घ्यावासा वाटतो. त्या दिव्याकडे मी येतोच.

तुम्ही समोर असता तर मी आधी विचारले असते की टॉर्च टूल स्टोअरचा होता की तुमचा स्वतःचा. 'माझा छोटा टॉर्च' असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे तो स्वतःचाच असणार. टूल स्टोअरच्या शॅडो बोर्डवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते आणि पाळी संपताना एक आकृती जरी रिकामी राहिली तरी विमान सोडत नाहीत. त्या रात्रीही बोर्ड मोजला गेला असेल आणि तो पूर्ण भरलेला असेल, कारण तुमचा टॉर्च त्या मोजणीत कधी नव्हताच. खिशातले पेन, मोबाइल, हात पुसायचे फडके हीसुद्धा मोजणीबाहेरचीच मंडळी. दुसरा प्रश्न असा की टॉर्च खाली ठेवला कशासाठी. व्हील वेलमध्ये एका हाताने केबलचा जुडगा बाजूला करून दुसऱ्या हाताने पाइपाच्या जोडावरचा ओलावा पुसायचा असतो, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही; मग टॉर्च शेजारच्या पट्टीवर जातो, आणि पुसून झाले की काम संपले असे मनाला वाटते. तिसरा प्रश्न, टॉर्च ठेवल्यापासून तुम्ही बाहेर येईपर्यंत कोणी हाक मारली का, रेडिओवर बोलावणे आले का. बहुतेक वेळा आलेले असते.

या तिन्ही प्रश्नांत 'लक्ष कुठे होते तुमचे?' हा प्रश्न नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. त्या प्रश्नाचे उत्तर नेहमी एकच येते, 'नव्हते', आणि त्या उत्तरातून उद्याच्या पाळीत बदलण्याजोगे काही हाती लागत नाही. विमान अपघातांपैकी सत्तर-ऐंशी टक्के मानवी चुकीने होतात असे सर्रास सांगितले जाते. तो आकडा बऱ्याच अंशी आपण 'का?' हा प्रश्न कुठे थांबवतो यावर ठरतो. तंत्रज्ञापाशी थांबलो तर चूक तंत्रज्ञाची ठरते. आणखी एक पायरी खाली उतरलो तर तीच चूक टूल स्टोअरच्या नियमाची होते.

आता तुमच्या तीन वेळा तपासण्याकडे. एक खरे उदाहरण सांगतो, कारण ते आपल्याच धंद्यातले आहे आणि त्यातला माणूस कामचुकार नव्हता. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन जातीचे विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. सुमारे १७,३०० फुटांवर कॉकपिटची डावीकडची काच उडून गेली, कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवले. सगळे वाचले, कप्तानसुद्धा. ती काच सत्तावीस तास आधी बदललेली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाला सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले. उरलेले सहा जाडीला बरोबर होते, पण लांबीला आखूड.

काच बदलणारा माणूस त्या पाळीचा प्रमुख होता. हाताखाली माणसे कमी होती म्हणून पहाटे तीन ते पाचच्या सुमारास काम त्याने स्वतःवर घेतले. जुना बोल्ट काढून तो त्याच्या जोडीचा शोधत स्टोअरला गेला, पण तो जुना बोल्टच मुळात चुकीच्या मापाचा होता. आधी कोणीतरी तो लावला होता आणि तो निभावून गेला होता. योग्य क्रमांक कोणता ते स्टोअरच्या माणसाने सांगितलेही. मात्र तिथे पुरेसे बोल्ट नव्हते, म्हणून तो दुसऱ्या ठिकाणच्या, कोणी राखण नसलेल्या आणि अंधुक उजेडातल्या खणांकडे गेला आणि नजरेने माप जुळवून बोल्ट घेऊन आला. जवळचे वाचायला त्याला चष्मा लागत असे, तो त्या वेळी लावलेला नव्हता. काच बाहेरून बसवायची होती आणि उभे राहायची फळी अशा जागी होती की त्याला ताणून, आडवे वाकून बोल्ट आवळावे लागत होते. बोल्टांची डोकी खाचेत जरा जास्तच खोल जात आहेत हे समोरून सहज दिसले असते, त्या कोनातून दिसत नव्हते. या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी बंधनकारक नव्हती.

या माणसाने स्वतःचे काम तीनदा तपासले असते तर काय झाले असते? तीन वेळा त्याच कोनातून, त्याच बिनचष्म्याच्या डोळ्यांनी आणि 'बोल्ट बरोबर आहेत' याच समजुतीने त्याने पाहिले असते. तपासताना आपण वस्तूपेक्षा आपली अपेक्षाच अधिक पाहत असतो. म्हणून एकाच माणसाने एकाच पद्धतीने केलेल्या तीन तपासण्या मी एकच तपासणी धरतो, आणि त्यात गेलेला वेळ तेवढा जास्तीचा.

विश्वासार्हतेचे गणित इथे फसवे ठरते. एक माणूस शंभरात एकदा चुकतो असे केवळ उदाहरणादाखल धरू. दोघांनी तपासले तर दोघेही एकदम चुकण्याची शक्यता दहा हजारात एक, हे वहीतले उत्तर झाले. पण दोघांचे चुकणे एकमेकांवर अवलंबून नसेल तरच ते खरे. दुसरा माणूस 'ह्याने पाहिलेच आहे' म्हणून वरवर पाहतो आणि पहिला 'तो बघेलच' म्हणून सैल पडतो, तेव्हा दोन सह्या असूनही पुरते एक माणूसभरही लक्ष दिले गेलेले नसते.

एकच गोष्ट अनेक ठिकाणी एकदम कशी बिघडते याचा माझ्या वर्गातला आवडता दाखला ५ मे १९८३ चा आहे. ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे ट्रायस्टार मायामीहून नासाऊला निघाले होते. आधीच्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणारे लोहचुंबकी नग, बदलले होते आणि तिन्हींत ओ-रिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून घालायची रबरी कडी, बसवायची राहिली होती. तंत्रज्ञांना हा नग एरवी ओ-रिंग घातलेला तयार मिळत असे. त्या रात्री तसा तयार नव्हता म्हणून स्टोअरमधून आणला, आणि नेहमीप्रमाणे रिंग असणारच असे धरले. गळती पाहण्यासाठी इंजिने फिरवलीही, पण इतका थोडा वेळ की तेल बाहेर यायला सवडच मिळाली नाही. उड्डाणात मधले इंजिन तेलाचा दाब घसरला म्हणून बंद करावे लागले, मागे फिरल्यावर उरलेली दोन्ही बंद पडली, आणि काही मिनिटे ते विमान एकाही इंजिनाशिवाय समुद्रावर उतरत होते. मग मधले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि त्या एकट्याच्या जोरावर ते मायामीला परतले. तीन इंजिने ठेवण्यामागचा हिशोब असा असतो की तिन्ही एकदम जाणार नाहीत, पण तिघांना हात लावणारी माणसे आणि त्यांची समजूत एकच असेल तर तो हिशोब कोसळतो. दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून लांब न्यायचे असते तेव्हा एकाच माणसाने दोन्ही इंजिनांवर एकाच वेळी सारखे काम करू नये, असा नियम असतो, तो याच जातीच्या धोक्यासाठी. तुमच्याकडे कोणी 'कटकट आहे' म्हणून तो नियम वळसा घालून टाळत असेल, तर त्याला हे ट्रायस्टार सांगा.

माझी स्वतःची गोष्टही सांगतो, नाहीतर हे सगळे परदेशातले आणि दुसऱ्यांचेच वाटेल. पावसाळ्यातली रात्र होती, परवाना मिळून तीनच वर्षे झाली होती. हायड्रॉलिक पंप बदलला, पाइपांचे नट हाताने बसवले आणि टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोराने आवळायचा पाना, उचलणार तेवढ्यात शेजारच्या बेमधून हाक आली. दहा मिनिटांनी परत आलो, सगळे नट टॉर्क केले असे धरून प्रत्येकावर लाल लाखेची रेघ ओढली. ही रेघ नट आणि जोड या दोहोंवरून जाते. नट पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. आमच्याकडे एक म्हातारे मेकॅनिक होते, सगळे त्यांना नाना म्हणत. ते रेघांकडे पाहतच नसत, नटांवर हात ठेवत. एका नटाला त्यांनी दोन बोटांत धरून फिरवले आणि तो फिरला. रेघ अगदी सुबक होती. मी रेघ ओढली होती आणि नट आवळला नव्हता. माझ्या हाताला रेघ ओढायची सवय झाली होती आणि रेघेचा अर्थ हातातून निघून गेला होता. नाना एवढेच म्हणाले, "साहेब, रंग चांगला लावलाय." मला आजही ते वाक्य वरिष्ठांच्या कुठल्याही झाडण्यापेक्षा जास्त लागते.

त्या रात्रीपासून मी दोन गोष्टी केल्या. कामात कोणी अडथळा आणला की परत येताना जिथे सोडले तिथून सुरू न करता तीन पायऱ्या मागे जायचे. हे पुढे प्रशिक्षणातही शिकवले जाऊ लागले. आणि अर्धवट सोडून जाताना काम अर्धवट दिसेल असे सोडायचे. नट हाताने बसवलेला असेल तर त्यावर पिवळा टॅग लटकतो. जोड सुटा ठेवायचा असेल तर तो इतका उघड सुटा ठेवायचा की आंधळ्यालाही कळावा. पुरे झाल्यासारखे दिसणारे अपुरे काम हा आपल्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार आहे.

याचे ढळढळीत रूप २४ मे २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दिसले. ब्रिटिश एअरवेजचे एअरबस ए३१९ धावपट्टीवरून उठत असताना दोन्ही इंजिनांची पंख्यावरची झाकणे, म्हणजे फॅन काउल, उखडून गेली. एकाने जाता जाता इंधनाची नळी फोडली, उजवे इंजिन पेटले, विमान परत उतरले आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. रात्री दोन तंत्रज्ञांनी इंजिनावरच्या जनरेटरचे तेल पाहायला काउल उघडली होती. तेल भरायची गन आणायला जायचे होते म्हणून काउल खाली टेकवून, खिटी न लावता ते गेले. परतले ते शेजारच्या, भलत्याच विमानापाशी. तिथली काउल बंद दिसली, तेव्हा कोणीतरी लावली असतील असे समजून ते पुढच्या कामाला लागले. सकाळी सहवैमानिकाच्या फेरीतही ते कोणाला दिसले नाही, कारण ए३१९ ज्यात मोडते त्या ए३२० घराण्यातल्या विमानांच्या या खिट्या इंजिनाच्या तळाला, जमिनीलगत असतात. त्या पाहायला गुडघे टेकून वाकावे लागते, आणि न लावलेले काउल उभ्याने पाहिले तर लावलेल्यासारखेच दिसते.

याच घराण्यातल्या विमानांची काउल अशी उडून जाण्याच्या तीसहून अधिक घटना त्याआधी घडल्या होत्या, आणि दर वेळी सूचना निघे की वाकून पाहा. पुढे खिटीचीच रचना बदलली. आता तिला किल्ली लागते, किल्लीला लाल पट्टी बांधलेली असते, खिटी नीट लागल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि विमान सुटण्यापूर्वी ती कॉकपिटमधल्या तिच्या जागी परत जावी लागते. वाकायला विसरणारा माणूस तोच राहिला, पण त्याचे विसरणे आता लाल पट्टी होऊन लोंबकळते आणि कॉकपिटमध्ये रिकामी जागा होऊन दिसते. तुमच्या डोक्यावरचा दिवा याच जातीचा आहे: दोन्ही हात मोकळे राहतात, टॉर्च खाली ठेवायची वेळच येत नाही. आणि टॉर्च वापरायचाच असेल तर तो टूल स्टोअरमधून नोंद करून घ्या किंवा मनगटाला दोरीने अडकवा.

इथपर्यंतचे सांगणे सगळीकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. मोठ्या तळावर दुसरा माणूस मागता येतो. लहान विमानतळावर रात्री तुम्ही एकटेच असता. अशा वेळी मी स्वतःच स्वतःचा दुसरा माणूस होण्याचा प्रयत्न करत असे: काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे दुसरेच काही करायचे, मग उलट्या क्रमाने, शेवटच्या पायरीपासून पहिलीकडे, दुसऱ्या बाजूला उभे राहून आणि हाताने चाचपून पाहायचे. हा पुरता दुसरा माणूस नव्हे, निम्मा-पाऊण म्हणा. ज्या कामांना स्वतंत्र तपासणी बंधनकारक आहे, तिथे तर ही युक्ती चालत नाहीच. तिथे दुसरा परवानाधारक येईपर्यंत विमान उभे ठेवायचे.

दुसरे, चूक आणि बेफिकिरी यांत फरक आहे. टॉर्च विसरणे ही चूक. न पाहता सही मारणे, माहीत असून नियम मोडणे हे वेगळे, आणि त्याला शिक्षा झाली तर माझी हरकत नाही. तुमच्या लिहिण्यात तसे काही दिसत नाही.

तिसरे, दुसऱ्या माणसाच्या बोलण्याला वजन नसेल तर दोन माणसे असूनही उपयोग होत नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीपलीकडे दरीत गेले आणि १५८ जण गेले. कप्तान प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, झोपेतून उठल्यावरची गुंगी पुरती उतरलेली नव्हती, विमान फार उंचावरून येत होते, आणि सहवैमानिकाने एकदा नव्हे तर तीनदा उतरणे सोडून पुन्हा वर जायला सांगितले होते. चूक पकडली गेली होती. ती पकडणाऱ्याचे ऐकले गेले नाही. तुमच्या सहकाऱ्याने टॉर्च पाहिल्यावर बोलून दाखवला, खिशात घालून गप्प बसला नाही, याबद्दल त्याला एक चहा पाजा. पाजला नसेल तर आजच.

झोपेबद्दल. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात शरीराची सतर्कता सर्वांत खाली असते, आणि निश्चयाने ती वर येत नाही. म्हणून बारकाईची, नीट बसल्यासारखी दिसणारी पण चुकू शकणारी कामे मी शक्यतो पाळीच्या सुरुवातीला घेत असे आणि पहाटेसाठी टायरचा दाब, पुसपास, कागद अशी कामे ठेवत असे. हे पाळीच्या प्रमुखावर अवलंबून आहे, पण मागायला हरकत नाही. घरी मात्र तुम्हाला महिनाभर झोप लागत नसेल तर हा विषय माझ्या अखत्यारीतला नाही. डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर तुम्ही अपुऱ्या झोपेने काम करत आहात हे प्रमुखांना सांगा. टॉर्चपेक्षा मला याची काळजी अधिक वाटते.

आता लेखी कळवण्याबद्दल. कळवा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघात-चौकशीचा हेतू दोष ठरवणे हा नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि अमेरिकेत १९७६ पासून चुका कळवण्याची जी योजना आहे, ती नियम करणाऱ्या संस्थेऐवजी नासाकडे मुद्दाम दिलेली आहे, म्हणजे कळवणाऱ्याला भीती वाटू नये. आलेल्या अहवालातून माणसाची ओळखही पुसून टाकतात. तुमच्याकडचे वातावरण कसे आहे ते मला माहीत नाही. चारचौघांत झाडणारे वरिष्ठ असतील तर थेट त्यांच्याकडे न जाता कंपनीच्या सुरक्षा किंवा गुणवत्ता विभागाकडे ऐच्छिक अहवाल द्या. गोपनीय अहवालाची सोय आहे का हे त्यांच्याच कार्यपुस्तिकेत लिहिलेले असते.

अहवाल लिहिताना माफीनामा लिहू नका. 'यापुढे काळजी घेईन' या वाक्याने कोणाचेच काही भले होत नाही. अर्धे पान पुरे. कोणत्या वेळी, कोणत्या तपासणीत, कोणत्या जागी टॉर्च खाली ठेवला आणि का ठेवावा लागला, हे लिहा. मध्ये कोणी बोलावले असेल तर तेही लिहा, पण नाव नको, प्रसंग पुरे. तो कोणी, केव्हा आणि कशामुळे पाहिला हे आवर्जून लिहा, कारण त्या रात्री कामी आलेला अडसर तेवढा एकच होता आणि तो योगायोगाने कामी आला की पद्धतीने, हे त्यांना कळायला हवे. मग दोन मागण्या: तपासणीसाठी टूल स्टोअरमधून नोंद करून मिळणारे डोक्याचे दिवे, आणि खासगी टॉर्च विमानात न्यायला बंदी. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या ओळीत, हे असू द्या की हत्यारांची मोजणी त्या रात्री बरोबर भरली होती आणि तरीही टॉर्च आत होता.